टीव्हीवर ‘लागणे’, ‘प्रक्षेपित होणे’, ‘प्रसारित करणे’: अर्थ, उगम आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. इतक्या वर्षांत एक प्रश्न दरवर्षी नव्या तोंडून आला: टीव्हीवर कार्यक्रम ‘प्रक्षेपित’ होतो की ‘प्रसारित’? हा प्रश्न आला की त्याच्यामागून बाकीचे येतातच. विचारणाऱ्यांत बातम्या लिहायला शिकणारी मुलं होती, निमंत्रणपत्रिका जुळवणारे छापखान्यातले लोक होते, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे होते. यात्रेतल्या कुस्त्या मोबाइलवरून गावाला दाखवणारा एक तरुणही होता. त्या सगळ्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

‘प्रक्षेपित’ बरोबर की ‘प्रसारित’?

दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्हींचा अर्थ एक नाही. ‘प्रक्षेपण’ शब्दात ‘क्षिप्’ हा धातू आहे. क्षिप् म्हणजे फेकणे, आणि ‘प्र’ म्हणजे पुढे. त्यामुळे प्रक्षेपण म्हणजे पुढे, लांब फेकणे. ‘प्रसारण’मध्ये ‘सृ’ धातू आहे. सृ म्हणजे सरणे, सरकणे. त्याचं प्रयोजक रूप झालं की अर्थ होतो पसरवणे. आपला रोजचा ‘पसरणे’ हा शब्द याच घराण्यातला.

पहिल्या शब्दाचं लक्ष फेकणाऱ्याकडे आहे. मनोरा आहे, यंत्र आहे, ठरलेली वेळ आहे, तिथून संकेत सुटतो. दुसऱ्याचं लक्ष गोष्ट किती दूर आणि किती जणांपर्यंत पोचली याकडे आहे. म्हणून मी मुलांना सांगत आलो की कार्यक्रमाला वेळ आणि वाहिनी असेल तर ‘प्रक्षेपण’ लिहा: ‘सामन्याचं थेट प्रक्षेपण दुपारी २ वाजल्यापासून.’ माहिती, संदेश किंवा आवाहन लोकांत पोचवायचं असेल तर ‘प्रसारण’ लिहा: ‘पूर येण्याचा इशारा आकाशवाणीवरून प्रसारित करण्यात आला.’ हा नियम कोणत्याही कोशात कोरलेला नाही, पण चांगल्या लेखकांच्या हातून हा फरक आपोआप पाळला जातो.

केंद्र सरकारच्या खात्याचं नाव ‘माहिती आणि प्रसारण मंत्रालय’ आहे, आणि दूरदर्शन व आकाशवाणी ज्या संस्थेच्या छत्राखाली चालतात ती ‘प्रसार भारती’. तिचा कायदा १९९० साली झाला आणि १९९७ मध्ये तो अमलात आला. ही दोन्ही नावं पोचण्याबद्दल बोलतात, फेकण्याबद्दल नाही, आणि तेच योग्य आहे.

हे शब्द टीव्ही आल्यावर नव्याने घडवले का?

अर्थ नवा आहे, शब्द फार जुने आहेत. वैशेषिक दर्शन या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानात कणादाने हालचालीचे, म्हणजे ‘कर्मा’चे, पाच प्रकार सांगितले आहेत: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. म्हणजे वर फेकणे, खाली फेकणे, आखडणे, पसरवणे आणि जाणे. टीव्हीसाठी आपण जे दोन शब्द वापरतो त्यांची मुळं, क्षेपण आणि प्रसारण, या एकाच सूत्रात शेजारी बसलेली आहेत! मला हे पहिल्यांदा कळलं ते अमळनेरच्या एका वृद्ध शिक्षकांकडून. अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे, त्यामुळे तिथल्या माणसाने टीव्हीवरून बोलणं कणादापर्यंत नेलं तर नवल नाही. त्यांनी हात वर केला, खाली आणला, मूठ मिटली, उघडली आणि चालत दारापर्यंत गेले. पाचही कर्मं झाली. तो पाठ मी पुढे प्रत्येक वर्गात तसाच करून दाखवला.

शब्द घडवणाऱ्यांनी जुन्या भांडारातून नेमका हात घातला, असं मला वाटतं. रेडिओ आणि टीव्हीला एकाच वेळी दोन क्रिया कराव्या लागतात: आधी फेकायचं आणि मग पसरू द्यायचं.

इंग्रजीतला ‘ब्रॉडकास्ट’ कुठून आला?

शेतातून आला. ‘ब्रॉड’ म्हणजे रुंद, ‘कास्ट’ म्हणजे फेकणे. अठराव्या शतकात हा शब्द इंग्लंडमध्ये पेरणीसाठी वापरला जात होता. ओळ न धरता, मुठीने बी चारी बाजूंना टाकण्याच्या पद्धतीला तो म्हणत. पुढे बातमी किंवा अफवा सगळीकडे पसरवणे असाही अर्थ त्याला चिकटला, आणि १९२० च्या सुमारास रेडिओ आला तेव्हा तोच शब्द रेडिओने उचलला. त्याआधीचं बिनतारी यंत्र एका ठिकाणाहून दुसऱ्या एका ठिकाणी संदेश पाठवायचं. रेडिओने ते बदललं. कोण ऐकतंय हे माहीत नसताना सगळ्यांसाठी एकदाच बोलायचं, ज्याच्या रानात पडेल त्याच्या रानात उगवेल. त्या कल्पनेला पेरणीचा शब्द इतका चपखल बसला की पेरणीचा अर्थ आज शहरात कोणाला आठवतही नाही.

खानदेशातल्या माणसाला मात्र हे समजावून सांगावं लागत नाही. आपण याला बी ‘फोकणे’ म्हणतो. पाभरीने किंवा तिफणीने पेरताना चाड्यावर मूठ धरायची, बी नळीतून ओळीत पडतं. कपाशीची सरकी एकेक टोबायची. पण वाफ्यात मेथी किंवा धने टाकायचे असतील तर कोणी ओळ मोजत बसत नाही, मुठीने फोकतात. पत्र म्हणजे टोबणं आणि रेडिओ म्हणजे फोकणं, असं मी वर्गात सांगितलं की शेतकऱ्यांची मुलं चटकन मान डोलवायची. इंग्रजीच्या कोशातून जो अर्थ मुलांना पाठ करावा लागला असता तो त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होता.

मग मराठीत ‘पेरणे’ आणि ‘प्रसारण’ यांचा काही संबंध आहे का?

धातू वेगळे आहेत, पण कल्पना तीच आहे आणि इथे भाषेने एक सुंदर गाठ मारली आहे. ‘पेरणे’ हा शब्द संस्कृतातल्या ‘प्रकिरति’पासून आला. प्रकिरति म्हणजे विखुरतो. प्राकृतात त्याचं ‘पइरइ’ झालं, आणि तिथून आपलं पेरणे. म्हणजे आपल्या पूर्वजांनीही बी टाकण्याच्या क्रियेला ‘विखुरणे’ हेच नाव दिलं होतं. इंग्रजी शब्द पेरणीकडून विखुरण्याकडे गेला आणि आपला विखुरण्याकडून पेरणीकडे आला. त्याच ‘कॄ’ म्हणजे विखुरणे या धातूपासून भौतिकशास्त्रातला ‘विकिरण’ शब्द आहे. मनोऱ्यावरून लहरी बाहेर पडतात त्यालाही विज्ञानाच्या भाषेत विकिरणच म्हणतात. तेव्हा टीव्हीचा मनोरा खऱ्या अर्थाने पेरणीच करत असतो.

‘टेलिव्हाइज’ या क्रियापदाचा अर्थ काय?

टीव्हीवरून दाखवणे, एवढाच. त्याचा जन्म मात्र उलट्या दिशेने झाला आहे. साधारणपणे आधी क्रियापद असतं आणि त्यावरून नाम बनतं. इथे ‘टेलिव्हिजन’ हे नाम आधी आलं. १९०० साली पॅरिसमधल्या विद्युत परिषदेत कॉन्स्टँटिन पेर्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते वापरलं. त्यानंतर वीसेक वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, १९२० च्या दशकात, लोकांनी त्या नामाची शेपटी कापून ‘टेलिव्हाइज’ हे क्रियापद तयार केलं. ‘रिव्हिजन’चं ‘रिव्हाइज’ होतं, तर ‘टेलिव्हिजन’चं ‘टेलिव्हाइज’ का नाही, असा सरळ हिशेब होता.

नामच मुळात दोन भाषांचं आहे. ‘टेली’ म्हणजे दूर, हा ग्रीक शब्द. ‘व्हिजन’ लॅटिन, पाहण्याचा. आणि त्या लॅटिन मुळाचं आपल्या ‘विद्’ धातूशी सख्खं नातं आहे. विद्या, वेद, विद्वान हे सगळे त्याच कुळातले. पाहणे आणि जाणणे हे फार पूर्वी एकच होतं.

इंग्रजीत ‘टेलिव्हाइज’ लिहिताना शेवटी एस की झेड?

एस. अमेरिकेतही एसच. शेवटचं ‘आइज’ हा ग्रीक प्रत्यय नाही, तो पाहणे या मुळाचाच भाग आहे.

आणि ‘टेलिकास्ट’?

‘टेली’ला ‘ब्रॉडकास्ट’चा मागचा अर्धा भाग जोडला, १९३० च्या दशकात. म्हणजे या शब्दातही फोकणाऱ्याची मूठ उरली आहेच. भारतात हा शब्द खूप रुळला. ‘लाइव्ह टेलिकास्ट’ आपल्याकडे रिक्षावाल्यालाही कळतं. भूतकाळी रूप ‘टेलिकास्ट’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ असंच ठेवणं चांगलं, कारण ‘कास्ट’चं रूप बदलत नाही. शेवटी ‘एड’ लावलेली रूपंही इंग्रजीत सापडतात, म्हणून परीक्षेत कोणी लिहिलं तर त्याचे गुण कापू नयेत.

दूरदर्शनवरून मराठीत असं क्रियापद का झालं नाही?

मराठीला नामाचं क्रियापद करता येत नाही असं नाही. हातावरून हाताळणे, लाथेवरून लाथाडणे, पाण्यावरून डोळे पाणावणे झालंच की. पण हे सुख मराठी देशी शब्दांना देते. संस्कृत वळणाच्या लांब नामाला ती ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडून मोकळी होते. शिवाय ‘दूरदर्शन’ हे यंत्राचं आणि संस्थेचंही नाव झालं. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी टीव्हीची सुरुवात झाली, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आलं, आणि तोपर्यंत लोकांनी बोलण्यासाठी स्वतःचं क्रियापद शोधलेलंही होतं. ते म्हणजे ‘लागणे’.

टीव्हीवर कार्यक्रम ‘लागतो’ हे शुद्ध मराठी आहे का?

शंभर टक्के आहे, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोलाचं क्रियापद हेच आहे.

‘लागणे’ संस्कृत ‘लग्’ धातूपासून, प्राकृत ‘लग्गइ’मार्गे आलं. मूळ अर्थ चिकटणे, जोडलं जाणे. ‘लग्न’ही त्यातूनच. मराठीत या शब्दाने जो संसार मांडला आहे त्याला तोड नाही. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, झोप लागते, निकाल लागतो, प्रवासात गाव लागतं, विहिरीला पाणी लागतं. या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे: कर्ता काही करत नाही, गोष्ट येऊन त्याला भिडते. आधी थिएटरला सिनेमा लागायचा, मग रेडिओवर स्टेशन लागू लागलं, आणि त्या वाटेने टीव्हीवर मालिका लागली.

‘प्रक्षेपित होणे’ केंद्राच्या बाजूने बोलतं. ‘लागणे’ घरात बसलेल्या माणसाच्या बाजूने बोलतं. कोणी फेकलं, कुठून फेकलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. गोष्ट आपल्यापाशी पोचली, भिडली, एवढंच त्याला सांगायचं आहे. अहिराणीत पोरगं ओट्यावरून ओरडतं, “माय, टीव्हीवर काय लागेल शे?” आणि माय चुलीपासून उठून बघायला येते.

याची जोडी म्हणजे ‘लावणे’. बातम्या लागतात, आपण बातम्या लावतो. आणि खानदेशात लावायची दुसरी गोष्ट म्हणजे कपाशी आणि केळी. रावेर-यावलकडे केळीचे कंद लावतात, लागवड होते. एकच क्रियापद रानात आणि घरातल्या पडद्यासमोर चालतं. इंग्रजीने पेरणीचा शब्द फेकणाऱ्याला दिला, मराठीने लागवडीचा शब्द पाहणाऱ्याला दिला. लिहिताना लोक ‘लागणे’ला गावंढळ समजून ‘प्रक्षेपित होत आहे’ लिहितात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. बातमीत किंवा अर्जात लिहा, हरकत नाही. पण कथेतली आजी जर नातवाला ‘काय प्रक्षेपित होत आहे रे?’ विचारू लागली तर ती आजी मेली म्हणून समजा.

आमच्या लहानपणी ‘मुंबई येते का?’ असं विचारायचे. ते काय होतं?

तेही प्रक्षेपणाचंच क्रियापद, फक्त आता विसरत चाललेलं. १९८२ साली रंगीत टीव्ही आला. १९८४ मध्ये तर देशात काही महिने रोज सरासरी एक नवं प्रक्षेपण केंद्र उभं राहत होतं. त्यांतली बरीचशी लघुशक्ती केंद्रं होती, त्यांची पोच थोड्या किलोमीटरांची. लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. सातपुड्याच्या पायथ्याला किंवा दरीत गाव असेल तर उंच बांबू, नाहीतर लोखंडी पाइप, त्याच्यावर अँटेना, आणि ती फिरवायला घरातलं एक माणूस धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर.

खालून विचारायचे, “उनं का?” वरून तोच प्रश्न उलटा यायचा. मग खालून आरोळी: “उनं, उनं!” आणि लगेच: “गयं!” चित्र ‘यायचं’, चित्र ‘जायचं’, मध्येच पडद्यावर मुंग्या यायच्या. गावागावाला कार्यक्रम नव्हे, मुंबईसारखं केंद्र ‘यायचं’. दूरदर्शनचे ते जमिनीवरचे जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद झाले. डिशची छत्री आणि केबल आल्यापासून चित्र अडखळत नाही, म्हणून ‘येणे’ही राहिलं नाही. रेडिओपुरतं ते अजून थोडं जिवंत आहे. ‘आमच्या मळ्यात जळगाव चांगलं येतं’, असं म्हणणारी माणसं आजही भेटतात.

‘प्रक्षेपित’ आणि ‘प्रक्षिप्त’ एकच ना?

नाही, आणि ही चूक छापून आलेली मी पाहिली आहे. ‘प्रक्षिप्त’ म्हणजे मूळ ग्रंथात मागाहून कोणीतरी घुसवलेलं. जुन्या पोथीत एखादी ओवी प्रक्षिप्त असते. टीव्हीवरचा कार्यक्रम प्रक्षेपित असतो. दोन्हींत फेकण्याचीच क्रिया आहे, पण एक फेकणं आकाशात आहे आणि दुसरं दुसऱ्याच्या लेखनात.

त्याच जातीची दुसरी जोडी ‘प्रसृत’ आणि ‘प्रसूत’. निवेदन प्रसृत होतं, बाई प्रसूत होते. ‘मंत्र्यांनी पत्रक प्रसूत केले’ असं एका वार्तापत्रात जसंच्या तसं छापलं गेलं आणि मुद्रितशोधक बिचारा बोलणी खात बसला. एक ऋकार आणि एक ऊकार, पण ते तपासल्याशिवाय पान सोडू नये. ‘प्रसरण’ आणि ‘प्रसारण’ यांतही काना महत्त्वाचा: उष्णतेने लोखंड स्वतःहून प्रसरण पावतं, बातमीचं प्रसारण कोणीतरी करावं लागतं.

ऱ्हस्वदीर्घाचं म्हणाल तर ‘प्रक्षेपित’ आणि ‘प्रसारित’, दोन्हींत ‘पि’ आणि ‘रि’ पहिलीच वेलांटी.

रॉकेटचंही प्रक्षेपण आणि मालिकेचंही प्रक्षेपण, गोंधळ होत नाही?

संदर्भाने होत नाही. उपग्रहाचं प्रक्षेपण एकदाच, मालिकेचं रोज. क्षेपणास्त्रातला ‘क्षेपण’ही हाच. मथळा लिहिताना मात्र जपावं. ‘आज प्रक्षेपण’ एवढंच लिहिलं तर वाचक आकाशाकडे बघेल.

हिंदीत ‘प्रसारण’च म्हणतात. मराठीतही तेच का करू नये?

हिंदीत प्रक्षेपण म्हणजे मुख्यतः रॉकेटचं. टीव्हीसाठी हिंदी ‘प्रसारण’ म्हणते आणि ते हिंदीला शोभतं. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर, खरगोनशी रोजचं येणंजाणं, त्यामुळे खानदेशात ‘सीधा प्रसारण’ ऐकून ‘सरळ प्रसारण’ लिहिणारे लोक आहेत. मराठीचा शब्द ‘थेट प्रक्षेपण’ आहे. थेट म्हणजे मध्ये कुठेही न अडता: ‘ही गाडी थेट शिरपूरला जाते.’ ‘सरळ’ हा रस्त्याचा किंवा माणसाचा गुण आहे, तो इथे बसत नाही. मराठीने फेकणं आणि पसरवणं यांत जो फरक कमावला आहे, तो शेजाऱ्याच्या सवयीखातर सोडून देऊ नये.

पुन्हा दाखवलेल्या भागाला ‘पुनर्प्रक्षेपण’ म्हणायचं का?

‘पुनःप्रक्षेपण’. ‘पुनः’पुढे ‘प’ आला की विसर्ग तसाच राहतो. पुढे मृदू वर्ण किंवा स्वर आला तर र होतो, म्हणून ‘पुनर्जन्म’ आणि ‘पुनरागमन’. एका केंद्राचा कार्यक्रम त्याच वेळी दुसऱ्या केंद्राने दिला तर ‘सहक्षेपण’. हा आकाशवाणीवर ऐकू येणारा शब्द मला फार आवडतो, छोटा आणि नेमका.

‘झळकणे’ टीव्हीसाठी चालेल?

माणसासाठी चालेल, कार्यक्रमासाठी नाही. ‘आमच्या गावची मुलगी टीव्हीवर झळकली’ ठीक. ‘बातम्या झळकल्या’ नको.

ओटीटीवरच्या मालिकेला ‘प्रक्षेपित झाली’ म्हणता येईल का?

माझ्या मते नाही. प्रक्षेपणात एक वेळ असते आणि त्या वेळी सगळ्यांना तेच मिळतं. वाफ्यात फोकलेलं बी एकदम पडतं. ओटीटीवर मालिका कोठारात ठेवलेली असते, ज्याला हवी तो हवी तेव्हा काढून घेतो. म्हणून ‘प्रदर्शित झाली’ किंवा साधं ‘आली’ म्हणावं.

बोलीने हा फरक पंडितांच्या आधी ओळखला. ओटीटीबद्दल कोणी ‘काय लागलंय?’ विचारत नाही, ‘नवीन काय आलंय?’ विचारतात. तिथे आपण ‘लावतो’, पण स्वतःहून काही ‘लागत’ नाही. जोडीतलं एक क्रियापद उरलं, दुसरं गळालं.

मोबाइलवरून गावाला कुस्त्या थेट दाखवतो. त्याला काय म्हणू?

हा त्या तरुणाचा प्रश्न. त्याला मी सांगितलं, बिनधास्त ‘थेट प्रक्षेपण’ लिही. एकच वेळ आहे, एका जागेहून निघतंय, आणि सुरतेला मिलमध्ये असलेला, पुण्याला शिकायला गेलेला, सगळे एकदमच बघतायत. मनोरा नसला म्हणून काय झालं? त्याने फलकावर तसं लिहिलंही. पण यात्रेच्या दिवशी आखाड्यात पंचांनी पहिली कुस्ती लावली आणि त्याच मिनिटाला सुरतेहून त्याच्या भावाचा फोन आला, “लागनी का रे?” तो म्हणाला, “लागनी.” भावाने कुस्तीबद्दल विचारलं होतं की मोबाइलच्या पडद्याबद्दल, हे दोघांपैकी कोणालाही स्पष्ट करावं लागलं नाही.